साडूंचे कान

आमच्या रोह्याच्या साडूंना गाण्यात गाणं सोडून बाकी सगळं ऐकू येतं. कडवं संपताना गायिकेने ओढलेला श्वास, व्हायोलिनवाल्याच्या खुर्चीची कुरकुर, स्टुडिओच्या दाराबाहेर कुणीतरी बशीत ठेवलेला कप, आणि या सगळ्याच्या तळाशी अखंड चाललेला सूंऽऽ. गाणं कोणतं होतं असं विचारलं, की मात्र गृहस्थ अडखळतात. "शब्दांकडे लक्ष नव्हतं माझं," म्हणतात, "पण वर जरा धार होती."

साडू धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात आहेत. तिथे पंप, ब्लोअर आणि बॉयलर दिवसरात्र एकमेकांवर ओरडत असतात. पाळी सुरू झाली की साडू कानांत बोळे घालतात, ते पाळी सुटल्यावरच काढतात. "ड्यूटीवर मी कान वापरतच नाही," हे त्यांचं अभिमानाचं वाक्य. आठवडाभर असे जपून ठेवलेले कान सुट्टीच्या दिवशी बाहेर निघतात, आणि सुट्टीच्या दिवशी साडू बहुधा आमच्याकडे पेणला जेवायला असतात.

तोवर माझं आणि संगीताचं बरं चाललं होतं. एक लॅपटॉप आणि मोबाइलबरोबर फुकट आलेले इअरफोन, एवढाच सरंजाम. इअरफोनमधला उजवा कधीकधी रुसायचा, पण मग मी तो डाव्या कानात घालून बघायचो आणि त्याचं मन वळायचं. अशाच एका दुपारी मी भीमपलास ऐकत पडलो होतो. साडूंनी न विचारता माझ्या एका कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि डोळे मिटले. कोळणीसमोर उकिडवं बसून सुरमईचे कल्ले उचलून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"मागे सूं आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"गाण्याच्या मागे. गाणं बाजूला सारा आणि ऐका."

मी गाणं बाजूला सारायचा प्रयत्न केला. ते हलेना.

"असं करा, गाणं सुरू व्हायच्या आधी ऐका."

"गाणं सुरू व्हायच्या आधी काय ऐकायचं?"

"साडूभाऊ, तेच तर ऐकायचं असतं!"

आम्ही गाणं पहिल्यापासून लावलं. तानपुरा सुरू व्हायच्या आधी अर्धा क्षण जातो, तेवढ्यात मला तो ऐकू आला. बारीक, सरळ, निर्विकार सूंऽऽ. साडू जेवून, झोप काढून, चहा घेऊन, संध्याकाळच्या गाडीने रोह्याला गेले. सूं आमच्याकडेच राहिला.

एकदा कळलं की कळलं. त्यानंतर भीमपलासात मला सूं ऐकू येई, यमनात येई, बायकोच्या मोबाइलवरच्या पाककृतींच्या व्हिडिओत येई. बातम्यांत तर निवेदक श्वास घ्यायला थांबला की मी कान टवकारून बसे आणि पुढची बातमी हुके. शेवटी हा सूं नेमका फाइलमधला की घरातला, याचा छडा लावायचा मी ठरवला. आधी पंखा बंद केला. पेणमध्ये जुलै महिन्यात पंखा बंद करणं हा एक धार्मिक विधी आहे. उघडाबंब होऊन घाम गाळत बसावं लागतं. मग फ्रीज बंद केला. (तो पुन्हा लावायचा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कोलंबीने ते जाहीर केलं. त्या विषयावरचं घरातलं भाषण इथे देत नाही.) खिडक्या लावल्या. मग घड्याळ भिंतीवरून काढून उशीखाली ठेवलं. एवढं करून हेडफोन कानाला लावले, तर पत्र्यावर पाऊस सुरू झाला.

पाऊस थांबला, तर बेडूक. बेडूक थांबले, तर मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर. पेणमध्ये आषाढ-श्रावणात शांतता मागणं म्हणजे गणपतीबाप्पाला यंदा येऊ नका म्हणून सांगण्यासारखंच. हमरापूर, जोहे, कळव्यापासून गावातल्या बोळापर्यंत मूर्तींची घाई असते. स्प्रेगन फुसफुसते, पॉलिशपेपर घासला जातो, शाडूची पोती उतरतात, ट्रक मागे घेताना सगळी आळी मिळून "येऊ दे, येऊ दे" म्हणते आणि मग तीच आळी एकदम "बस्स!" म्हणून किंचाळते. कॉम्प्रेसर थांबला तर हायवे आहेच. वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकल्या की त्यांचे हॉर्न वाऱ्यावर बसून पेणपर्यंत येतात, असं आमची मंडळी सांगतात. मला ते पूर्वी खोटं वाटायचं.

मी साडूंना फोन केला.

"तुमच्याकडे नॉइज फ्लोअरच, म्हणजे तळाचा गोंगाटच, वर आहे," ते डॉक्टरी आवाजात म्हणाले.

मग त्यांनी मला गणित घातलं. १९८२मध्ये सीडी बाजारात आली ती १६ बिटांची. एका बिटाला साधारण ६ डेसिबल, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आता २४ बिटांच्या फाइली मिळतात, त्यांत कागदोपत्री १४४ मावतं. ऐकून छाती दडपली. मग मी कागद घेतला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे तेवढा सूं सरकारने आम्हाला कायद्यानेच मंजूर केला आहे. त्याच्या वर साध्या सीडीचे ९६ रचायचे तर होतात १४१. कान दुखायला लागतात ते १२०-१३०च्या आसपास.

"साडूभाऊ, २४ बिटांचं गाणं पुरतं ऐकायचं तर माणूस बहिरा होईल."

"होईल," साडू शांतपणे म्हणाले, "पण शेवटचं जे ऐकेल ते स्वच्छ ऐकेल."

साडूंच्या मते दोष माझ्या लॅपटॉपच्या पोटात होता. आत आकड्यांचं गाणं करणारी जी चिप असते, ती पंखा, हार्ड डिस्क आणि वायफाय यांच्या दाटीवाटीत बसलेली असते. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवणार? तेव्हा ही चिप, म्हणजे डॅक, बाहेरचा घ्यावा. मी घेतला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी काळी डबी आली.

"ही कसली डबी?" बायकोने विचारलं.

"ही आकड्यांचं गाणं करते."

"आणि आधी काय आकडे ऐकत होतात?"

किंमत मी साडूंच्या तोंडून सांगवली. त्यांनी ती हप्त्यांत सांगितली.

डबीमागोमाग साडूंनी त्यांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर माझ्या गळ्यात मारले. "हेडफोनवर सूं कळतो, पण त्याची जागा कळत नाही," असा त्यांचा सिद्धान्त. सगळं जोडलं, बटण दाबलं. सूं गेला! त्याच्या जागी घूंऽऽऽ आला. जाड, बैठा, पन्नास हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेच्या तारेतला तोच. घरभर एखादा भुंगा मठ स्थापून बसल्यागत झालं.

वायरमनला बोलावलं. तो आला, त्याने टेस्टर लावला, चेहरा गंभीर केला.

"अर्थिंगच नाय तुमच्याकडे."

"मग?"

"खड्डा मारायला लागंल. मीठ, कोळसा, प्लेट." मग वही काढून त्याने विचारलं, "मोटर किती एचपीची बसवताय?"

"मोटर नाही हो. भीमपलास."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, 'इतर'.

अंगणात खड्डा खणला, तो खणता खणताच पाण्याने भरला. "पावसात अर्थिंग झकास होतं," वायरमन म्हणाला. कोळशाचं आणि मिठाचं पोतं आलं. आमच्या तालुक्याच्या खाडीकाठाला मिठागरांची सवय, त्यामुळे मीठ आणताना कुणी काही विचारलं नाही. ते मी अंगणात पुरतोय म्हटल्यावर मात्र कुंपणापलीकडून तीन शेजारी आले. एकाने हळूच विचारलं, "काय बाहेरचं होतं का घरात?" मी म्हटलं, "हो, साडूंचं." तो समजून मान हलवून गेला.

अर्थिंग झालं आणि घूं दुप्पट झाला. आधी तो बिचारा वाट चुकून हिंडत होता, आता त्याला जमिनीचा पक्का रस्ता मिळाला. ॲम्प्लिफायर एका प्लगमधून जमिनीला जोडलेला, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या प्लगमधून, आणि दोघांना जोडणारी गाण्याची वायर मधे. असा फेरा पुरा झाला की त्यात वीज गोल गोल फिरते आणि स्पीकरमधून घुमते. हे मला साडूंनी नंतर समजावलं. वायरमनने काहीही न समजावता लॅपटॉपचा चार्जर उपटला. घूं जागच्या जागी मेला.

"चार्जर काढून ऐकत जा," तो म्हणाला आणि खड्ड्याचे पैसे घेऊन गेला.

चार्जर काढला की माझ्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम विलंबित ख्यालापुरती टिकते. द्रुत लागायला आणि बॅटरी लाल व्हायला एकच गाठ पडते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी बरेच राग अर्धे ऐकले आहेत. एका रात्री मात्र भाग्य फळफळलं. वारा सुटला आणि सगळ्या भागाची लाइट गेली. फ्रीज, पंखा, कॉम्प्रेसर, शेजारचा टीव्ही, सगळ्यांनी एकदम तोंडं मिटली. गल्लीत "गेली रे गेली" म्हणून आरोळ्या उठल्या, बायको मेणबत्ती शोधायला उठली, आणि मी अंधारात चाचपडत हेडफोन थेट डॅकला खुपसले. काय तो आवाज! तानपुऱ्याच्या तारा एकेक मोजून घ्याव्यात.

"लाइट गेल्यावर हसणारा तालुक्यातला एकमेव माणूस माझ्या नशिबी आला," मेणबत्ती माझ्या तोंडासमोर धरून बायको म्हणाली. आणि त्या क्षणी, मेणबत्तीच्या उजेडात, तानपुऱ्याच्या मागे मला पुन्हा तो ऐकू आला. सूंऽऽ.

आता रोह्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. गाडीत हेडफोन लावून बसलो तर सूं अजिबात नाही! खिडकीचं तावदान खडखडत होतं, डोक्यावरचे पंखे करवादत होते, समोर दोन बायका वालाच्या शेंगांच्या भावावर तावातावाने बोलत होत्या, आणि गाणं असं देखणं वाजत होतं की मी निडी येईपर्यंत मान डोलावत होतो. मोठा आवाज शेजारच्या बारक्या आवाजाला झाकून टाकतो. एमपीथ्रीचं सगळं दुकान याच गोष्टीवर चालतं: कानाला जे झाकलं जाणारच आहे ते फाइलमध्ये ठेवायचंच कशाला? हे दुकान मांडणाऱ्या जर्मनांपैकी कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग या गृहस्थाने सुझन व्हेगा नावाच्या गायिकेचं, साथीला एकही वाद्य नसलेलं एक गाणं परीक्षेला घेतलं आणि ते पुन्हा पुन्हा ऐकून आपली पद्धत सुधारली. साडू या माणसाचं नाव घेताना आवाज खाली आणतात. आपल्याकडे गावातल्या सावकाराचं घेतात तसं.

साडूंच्या घरी संगीताची एक खोली आहे. पूर्वी ती मुलीची अभ्यासाची खोली होती; आता मुलगी स्वयंपाकघरात अभ्यास करते. भिंतींना गाद्या उभ्या केल्यात, दाराला गोधडी, आणि छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेत. या ट्रेंनी आवाज फारसा अडत नाही हे साडूंना माहीत आहे, पण ते काढले तर छताचा रंग जातो. आत हवा येत नाही. ताई, म्हणजे साडूंच्या पत्नी, दारातून सरबत आत सरकवतात आणि माणूस बाहेर येण्याची वाट बघतात.

"आज तुम्हाला शुद्ध खरखर ऐकवतो," साडू म्हणाले.

त्यांनी गोहरजानबाईंची १९०२ची रेकॉर्ड लावली. म्हणजे फाइल. गायस्बर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस त्या वर्षी कलकत्त्यात आला आणि त्याने बाईंना एका कर्ण्यात तोंड घालून गायला लावलं. विजेचा संबंध नाही, मायक्रोफोन नाही. तीनेक मिनिटांत गाणं गुंडाळायचं आणि शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे तिकडच्या कारखान्यात लेबल लावताना घोळ नको. त्या लाखेच्या तबकडीवरून कुणा भक्ताने २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल केली होती. खोलीत मुसळधार खरखर कोसळू लागली. मधूनच, लांबून, एक बाई गात होती.

"खरखर बघा," साडू हातावर हात चोळत म्हणाले, "किती स्वच्छ!"

साडूंकडे खरखरीची कुळं लावलेली आहेत. तबकडीची खरखर तडतडते, कारण तिथे सुई खाचेतल्या धुळीवरून जाते. टेपची खरखर रेशमी असते. फितीवरचे चुंबकीय कण बेशिस्त बसलेले असतात, त्यांची ती कुजबुज. डॅकची खरखर ओळखायला तपश्चर्या लागते. टेपचं नाव निघालं आणि आम्ही दोघंही एकदम हळवे झालो. आमच्या लहानपणी कॅसेट भरून देणारी दुकानं होती. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, आणि आठ दिवसांनी बाजू 'अ'च्या शेवटी एक गाणं अर्ध्यात कापलेलं मिळायचं. डेकवर एक 'डॉल्बी'चं बटण असे. ते दाबलं की सूं कमी होई, पण त्याबरोबर झांजाही पेंगायला लागत. वडील म्हणत, "त्या बटणाला हात लावू नका, आवाज बसतो." घशाच्या औषधाच्या बाटलीसारखं ते बटण वापरायचंच नाही, असा घरचा नियम होता.

त्यात वडिलांची चूक नव्हती. रेकॉर्ड करतानाच बारीक, वरचे सूर मुद्दाम फुगवायचे आणि वाजवताना तेवढेच पुन्हा दाबायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर फितीचा सूंही दबतो, अशी ती युक्ती. दुकानदाराने फुगवलंच नसेल तर दाबल्यावर झांजा बसणारच. आणि हा जो रे डॉल्बी, तो १९६३ ते ६५ युनेस्कोतर्फे सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंदीगडला होता. इथून गेला आणि १९६५मध्ये लंडनला त्याने आपली प्रयोगशाळा काढली.

"दोन वर्षं भारतात काढल्यावर माणसाला सर्वांत आधी आवाज कमी करावासा वाटला, यात आश्चर्य ते काय?" ताई दाराआडून म्हणाल्या.

साडूंनी स्वतःही आवाज कमी करून बघितला आहे. धावीर महाराजांच्या पालखीला रोह्यात पोलिसांची सलामी असते. एका वर्षी साडूंनी चांगला रेकॉर्डर नेऊन ती सगळी पालखी उतरवून घेतली. मग संगणकावर बसले. या सॉफ्टवेअरला आधी 'हा बघ, हा गोंगाट' म्हणून एक तुकडा ऐकवायचा असतो. मग ते तसला सगळा आवाज वजा करतं. साडूंनी गर्दीचा तुकडा दिला, गर्दी गेली. मग सनईत पिपाणी शिरली होती, तिचा दिला. मग ढोलाचा जास्त घुमारा होता म्हणून तोही दिला. दिवाळीपर्यंत काम चाललं. शेवटी जी अतिशुद्ध फाइल तयार झाली तिच्यात फक्त सलामी देणाऱ्यांच्या बुटांची एक टाप उरली आहे. पाहुण्यांना ती ऐकवतात.

मी माझं गाऱ्हाणं मांडलं. डॅक घेतला, खड्डा खणला, लाइट घालवली (ती आपोआप गेली, पण सांगताना जोर येतो), तरी सूं आहेच.

साडू जरा अवघडले. "तसा थोडा सूं डिजिटलमध्ये मुद्दामच घालतात."

"कोण घालतं?"

"रेकॉर्डिंगवाले. त्याला डिदर म्हणतात. आवाज फार बारीक झाला की शेवटच्या बिटाला कळेना होतं, शून्य म्हणू की एक. मग तो अडखळत, कुरकुरत विरतो. त्यात चिमूटभर सूं मिसळला की तोच आवाज अलगद विरतो."

"म्हणजे मी ज्याच्यासाठी अंगणात मीठ पुरलं, तो पैसे देऊन घातलेला आहे?"

"तो नव्हे. तो तुम्हाला ऐकू येण्याइतका मोठा नसतोच."

"मग मला काय ऐकू येतं?"

साडूंनी दुसरं कारण काढलं. १९२८मध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी दाखवून दिलं, की विजेचा साधा रेझिस्टर नुसता टेबलावर पडून असला तरी त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने वळवळत असतात, आणि त्या वळवळीचा सूं येतो. यंत्र कितीही भारी घ्या, हा सुटत नाही. उणे २७३ अंशांना नेलं तरच थांबतो.

"फ्रीजमध्ये ठेवून बघा ना," ताई म्हणाल्या. फ्रीजचा विषय मी बदलला.

एवढ्यात साडूंची मुलगी स्वयंपाकघरातून भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. आमचा संवाद तिला अभ्यासक्रमाच्या जवळचा वाटला असावा. ती म्हणाली, "बाबा, काका, आधी तुमचे कान तपासू या. मी मोबाइलवर एकेक सूर लावते. ऐकू आला की हात वर करायचा."

आठ हजार हर्ट्झला दोघांचेही हात वर गेले. दहा हजारालाही गेले. बारा हजाराला साडूंचा हात गेला. माझ्या कानाला काही कळलं नव्हतं, पण रोह्याने वर करावा आणि पेणने खाली ठेवावा हे बरं दिसत नाही, म्हणून मीही केला. तेराला मी आधी केला. साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात केले.

"मी अजून लावलाच नाही," मुलगी म्हणाली.

मग खोलीत शांतता पसरली. आम्ही डोळे मिटून, माना कलत्या करून बसलो. बराच वेळ गेला.

"लाव ना गं," साडू म्हणाले.

"कधीचा चालू आहे!" मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून ओरडली. पलंगाखालची मांजर तीरासारखी बाहेर गेली.

वयाबरोबर कानाचा वरचा मजला रिकामा होत जातो. तरुण कानाला वीस हजारांपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात असतं. पन्नाशीत बऱ्याच जणांना बारा-चौदाच्या पलीकडे काही पोचत नाही. साडूंनी जड अंतःकरणाने मोबाइल हातात घेतला, उलटसुलट बघितला. "ही फाइल एमपीथ्री असणार," ते म्हणाले. "त्यात वरचं कापतात."

परतीच्या वाटेवर स्टेशनापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली. जॉन केज नावाचा अमेरिकन संगीतकार १९५१मध्ये हार्वर्डला एका पूर्ण निःशब्द खोलीत जाऊन बसला, तरी त्याला दोन आवाज आले, एक वरचा आणि एक खालचा. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं, वरचा तुझ्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा. "तेव्हा साडूभाऊ, सूं तुमचाच असू शकतो. एकदा कान दाखवा."

दाखवले. डॉक्टरांनी दिवा लावून आत बघितलं.

"सूं कधीपासून येतो?"

"साडू आल्यापासून."

"दिवसा जास्त, की रात्री?"

"फ्लॅक फाइलीत जास्त."

डॉक्टरांनी कानात मळ आहे असं सांगून तो काढला. त्याबरोबर रस्त्यावरच्या रिक्षा एकदम अंगावर आल्या. घरी येऊन भीमपलास लावला, तर सूं पूर्वीपेक्षा जास्त तपशीलवार. साडूंना फोनवर सांगितलं. त्यांना इतका हेवा वाटला की दुसऱ्याच दिवशी त्यांनी रोह्यात कान दाखवले. त्यांच्या कानांत काहीच निघालं नाही. ते बरेच दिवस नाराज होते.

श्रावणात साडू गणपती ठरवायला पेणला आले. मूर्ती ते दर वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्यातूनच नेतात. आम्ही गेलो तेव्हा म्हातारा कारागीर आखणीला बसला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात हे काम सगळ्यांना देत नाहीत. बोटाएवढा ब्रश, समोर तीन फुटी मूर्ती, आणि शेजारी शाडूने माखलेला एक स्पीकर, ज्यातून एक जुनं कोळीगीत फाटक्या आवाजात येत होतं. साडूंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"याचा कोन फाटलाय," ते म्हणाले. "आवाज सगळा चिरकतोय. तुम्हाला त्रास नाही होत?"

"फाटलाय तं फाटलाय," कारागीर ब्रश न उचलता म्हणाला. "शब्द कलतान ना?"

मी कौतुकाने माझे हेडफोन नेले होते, ते त्याच्या कानाला लावले. त्याने अख्खं गाणं ऐकलं, हेडफोन काढले आणि परत दिले.

"कसा वाटला?"

"बरा हाय. पन गिऱ्हाईक आलेला मना आयकू नाय आला. तो परत गेला."

एवढ्यात स्पीकर बंद पडला. त्याबरोबर कारागिराचा हातही हवेतच थांबला. गाण्याशिवाय त्याचा हात चालत नाही म्हणे. साडू पुढे सरसावले; दोष वायरीत आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. पिन एका विशिष्ट कोनात दाबून धरली की गाणं सुरू, जरा सोडली की बंद. तेव्हा आमचे साडू, १९२ किलोहर्ट्झखाली न उतरणारे गृहस्थ, शाडूच्या चिखलात उकिडवे बसून, दोन बोटांत पिन धरून राहिले. पाऊस पत्र्यावर कोसळत होता, कॉम्प्रेसर चालू होता, मूर्तीचा उजवा डोळा हळूहळू उघडत होता. जरा वेळाने साडूंनी मान कलती केली.

"मागे कसली तरी गुणगुण येतेय," ते मला म्हणाले. "अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे."

"ती माजी हाय," कारागीर म्हणाला. "शेट, वायर सोडू नको. एक डोला व्हायचाय अजून."